नाना मिस्त्री आणि मिल्ट्री गाडीचं इंजिन

नाना मिस्त्रींना लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नसत. ही गोष्ट त्यांनी पंचवीस-तीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती, आणि मी ती एका सकाळी चारचौघांत ओरडून सांगितली. तेव्हा सांगायचं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या मिस्त्रीला रंग कळत नाहीत त्याच्या हातात आपली गाडी कोण देईल? नानांची भाकर त्या एका गुपितावर उभी होती. ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक नव्हतं म्हणून माझा दोष काही कमी होत नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी तापीकाठच्या आमच्या गावी केळीवाल्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मॅट्रिक झालेलो, त्यामुळे गावात जरा ऐट. आमचे चेअरमन आबा यांनी लढाईनंतरच्या लिलावातून एक लष्करी ट्रक आणला होता. चारही चाकांना जोर असलेला, चिखल-दगड काही न बघणारा. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते, तिथून हा गडी केळीचे घड भरून बाहेर यायचा. सगळे त्याला मिल्ट्री गाडी म्हणत. एकच खोड होती. पेट्रोल इतकं प्यायची की केळी पोचवून आल्यावर हाती सालपटंच राहायची. म्हणून अपघातात मोडलेल्या एका बसचं नव्या तऱ्हेचं डिझेल इंजिन सोसायटीनं मिळवलं, सोबत त्याचं सगळं वायरिंगही, आणि ते या जुन्या गाडीत बसवायचं काम नाना मिस्त्रींकडे दिलं.

नानांचा कारखाना जळगावात, पिंप्राळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि शेडपेक्षा मोठा कडुनिंब. जड इंजिनं त्या निंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेली असायची. नाना मूळचे धुळ्याकडचे, पांझरेकाठचे. बारीक अंगाचे, उंच, डोक्यावर तेलानं काळी पडलेली टोपी. बोलणं शुद्ध अहिराणी. मामलेदार असो की हमाल, नाना त्याला 'तू'च म्हणत, आणि मामलेदारही ते ऐकून घेत, कारण त्यांची जीप रस्त्यात बंद पडली की नानांशिवाय गत्यंतर नसे.

पहिल्या दिवशी मी आणि आमचा ड्रायव्हर सुपडू गाडी घेऊन गेलो. मी नानांना सगळं समजावून सांगायला लागलो. नवीन इंजिन कुठून आणलं, किती ताकदीचं, किती दिवसांत बसायला हवं.

"तू नको सांगू, गाडी सांगी," नाना म्हणाले.

मग त्यांनी गाडीभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली. बॉनेट उघडलं नाही, पाना उचलला नाही. तासभर नुसते फिरत होते. मधेच वाकायचे, खाली हात घालून काहीतरी चाचपायचे, पुन्हा चालायला लागायचे. शेवटी न राहवून मी विचारलं, "नाना, कधी होईल?"

"परवा व्हई जाई."

हा 'परवा' पुढे मला पाठ झाला. दिवाळी संपली तेव्हा गाडी त्यांच्याकडे दिली होती आणि मी दर आठवड्याला सर्व्हिस मोटारीनं धूळ खात जळगावला जायचो. दर वेळी परवा. एकदा मी चिडून म्हणालो, "नाना, तुमचा परवा कोणत्या पंचांगात असतो?" ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "घाई व्हती तं बैलगाडी लेवानी व्हती."

आता बोलायला मोकळा आहे म्हणून सांगतो, काम सोपं नव्हतं. नवीन इंजिन लांबीला जास्त आणि वजनाला दीडपट. ते टांगून खाली सोडलं की त्याचा तळाचा तेलाचा चेंबर पुढच्या आसाच्या मधोमध असलेल्या दातेरी चाकांच्या गोळ्यावर टेकायचा. साध्या ट्रकला पुढे नुसती दांडी असते, ही चारही चाकं ओढणारी गाडी असल्यामुळे पुढेही मागच्यासारखाच गोळा. तीन वेळा इंजिन आत गेलं, तीन वेळा बाहेर आलं. दुसऱ्या कुणी इंजिन उचलून वर बसवलं असतं आणि बॉनेटला भोक पाडलं असतं. नानांनी तसं केलं नाही. केळीच्या पेटीच्या फळ्या घेऊन त्यांनी त्या चेंबरची लाकडी प्रतिकृती केली, ती आत बसवून पाहिली, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं तासली, आणि मग तसाच पत्र्याचा चेंबर कापून जोडला. टेप त्यांनी कधी वापरला नाही. सुती दोरा घ्यायचे, माप धरायचे आणि तिथे गाठ मारायचे. त्यांच्या खिशात नेहमी अशा गाठी मारलेल्या दोऱ्यांचा गुंता असायचा, आणि कोणती गाठ कशाची हे त्यांना अंधारात विचारलं तरी सांगता यायचं.

हे सगळं व्हायला तीन-चार महिने लागले, आणि ते सगळे महिने मी आबांच्या शिव्या खाल्ल्या. आबा मला म्हणायचे, "तू जळगावले जातो का नुसता चिवडा खाऊन येतो?" मी तो राग नानांवर काढायचो. नाना तो कुणावरच काढायचे नाहीत. बारा वाजले की हात धुवायचे, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, आणि ती संपेपर्यंत समोर लाट साहेब उभा राहिला तरी एक शब्द बोलायचा नाही.

एकदा हिवाळ्यात मी गेलो तेव्हा जेवण झालं होतं आणि नाना बोरं खात बसले होते. मेहरूणची बोरं, आमच्याकडे सगळ्या मुलुखात नावाजलेली. त्यांनी ओंजळभर माझ्या हातात दिली. निम्मी हिरवीगार, कच्ची. मी एक तोंडात टाकलं आणि घसा आवळला. नाना मात्र एकेक दाबून बघत, मऊ लागेल ते स्वतः न खाता माझ्याकडे सरकवत होते आणि कडक लागेल ते मुकाट्यानं चावत होते. मला वाटलं, म्हातारा कंजूष आहे, बाजारात स्वस्तात टाकाऊ ढीग उचलला असेल. घरी जाऊन बायकोला हसत सांगितलंदेखील. चांगली बोरं त्यांनी मलाच दिली होती, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

त्यांच्याबद्दल बाजारात एक गोष्ट सांगत. पूर्वी ते धुळ्याला एका खासगी बस कंपनीत मुख्य मिस्त्री होते. सरकारनं बसगाड्या ताब्यात घेतल्या तेव्हा कंपनीचे सगळे कामगार सरकारी नोकरीत घेतले जायचे होते. कायम नोकरी, म्हातारपणी पेन्शन. नानांचं नाव यादीत सर्वात वर. नुसती डॉक्टरची तपासणी तेवढी व्हायची होती. त्या दिवशी सकाळी नाना हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून कंपनीच्या फाटकातून बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. का, तर म्हणे साहेबाला सलाम करायला आवडत नाही. लोकांना हे कारण फार आवडलं. मीही ते कौतुकानं चार जणांना सांगितलं होतं.

चैत्र उजाडता उजाडता इंजिन बसलं. गिअरपेटीशी जुळलं, चाकांना फिरवणारा दांडा कापून आखूड झाला. राहिलं वायरिंग. जुन्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, नव्या इंजिनाला बारा लागत, म्हणजे जुन्या वायरी काढून बसचं वायरिंगच घालायचं. जाड काळ्या वेणीत गुंफलेल्या वायरी, आणि दोन्ही टोकांना लाल, हिरवी, तपकिरी, पांढरी, निळी अशी त्यांची तोंडं. मला ते पाहून हायसं वाटलं. म्हटलं, रंगाला रंग जोडायचा, दोन दिवसांचं काम.

नाना त्या वेणीपाशी पंधरा दिवस बसले. एक बॅटरी आणि एक छोटा दिवा घ्यायचे. वायरीचं एक टोक बॅटरीला, दुसऱ्या बाजूची सगळी टोकं एकेक करून दिव्याला लावत जायचे. दिवा लागला की ती वायर सापडली. मग तिच्या दोन्ही टोकांना सुती दोरा बांधायचे, एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मी विचारलं, "नाना, रंग असताना हे कशाला?"

"रंग उडी जास, गाठ उडस नई."

हे वाक्य मला इतकं शहाणपणाचं वाटलं की मी ते सोसायटीच्या बैठकीत सांगितलं. शहाणपणाचं होतंही. पण त्यामागे एक माणूस आपलं पोट झाकून बसला होता, ते कुणाला दिसलं?

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. नानांची लेक, त्यांच्या बोलीत 'अंडेर', येणार होती, म्हणून नाना तीन दिवस गावी गेले. जाताना म्हणाले, "बठ्ठं व्हई गयं. आते फक्त टोकं जोडानी शेतस. परवा उना का जोडी देसू."

मी त्या परव्यावर विश्वास ठेवला, ही माझी पहिली चूक. आबांना जाऊन सांगितलं की अखाजीनंतर गाडी येते. आबांनी त्या हिशेबानं स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणी मागितल्या आणि दोन मळ्यांत केळी कापायला सांगितली. कापलेला घड कुणासाठी थांबत नाही.

नाना गावी असताना मी सुपडूला घेऊन गाडी बघायला गेलो. सुपडूनं बॉनेट वर केलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. आत वायरींच्या टोकांना तेलानं काळे झालेले दोरे लोंबत होते, आणि प्रत्येकाला गाठी. तीन, पाच, सात.

"साहेब, मी नाही चालवनार बा ही गाडी," सुपडू म्हणाला. "कोनीतरी करनी करेल आहे."

मी त्याला समजावलं की हे नानांचं काम आहे. तो म्हणाला, मग नानांनीच केली असेल. काळा दोरा, वर सात गाठी, तेही नव्या इंजिनाला. मागच्या साली त्याच्या भावाच्या विहिरीवर असाच दोरा सापडला होता आणि महिन्याभरात बैल गेला. सुपडूशिवाय ती गाडी हाकणारा गावात दुसरा नव्हता. मला करणीवर विश्वास नव्हता, मी शिकलेला माणूस. पण शिकलेल्या माणसाला घाई असली की तो अडाण्यापेक्षा वाईट वागतो. मी म्हटलं, रंग आहेतच, या गाठींचं काम काय आता? शेजारच्या शिंप्याकडून कात्री आणली आणि स्वतःच्या हातानं एकेक दोरा कापून टाकला. शिवाय आबा गाडीची पूजा करायला येणार होते, आत चिंध्या लोंबताना बऱ्या दिसल्या नसत्या, असंही मनात आलं. सुपडूनं ते दोरे काडीनं गोळा करून रस्त्यापलीकडे नेऊन जाळले.

नाना परत आले त्या सकाळी मी तिथेच होतो. त्यांनी बॉनेट उघडलं, हात आत घातला आणि तो तसाच राहिला.

"ह्या गाठी कोनी काप्यात?"

"मी कापल्या, नाना. सुपडू घाबरत होता. रंग आहेत ना, बघून जोडून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील म्हणून मी तयारीत होतो, चार शब्द मीही ऐकवणार होतो. पण ते शेडमध्ये गेले, बॅटरी आणि दिवा घेऊन आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक टोक बॅटरीला, दुसरं दिव्याला. घाई केली असती तरी दिवस गेलाच असता.

तास-दीड तास झाला असेल. आबा दोन पंचांना घेऊन आले. मळ्यात केळीचे ढीग पडले होते, वाघिणी दुसऱ्या दिवशी लागायच्या होत्या. आबांनी थोडा वेळ पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"मिस्त्री, हे दिवा दिवा काय खेळून राह्यले? रंग दिसतात ना डोयानं? रंगाले रंग जोडा अन् मोकळे व्हा."

मीही तेच म्हटलं. आबांच्या वरताण आवाजात म्हटलं. आजूबाजूचे दुकानदार, टांगेवाले असे पाच-सात जण जमले होते. नानांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. दिवा खाली ठेवला. आणि वायरी जोडायला लागले.

इतक्या सफाईनं जोडत होते की काय सांगू. तारा सोलायच्या, पीळ द्यायचा, वर कापडी पट्टी गुंडाळायची. पांढरीला पांढरी, निळीला निळी. मग मी पाहिलं, त्यांनी एक हिरवी वायर उचलली, डोळ्यांजवळ नेली, उन्हात धरली, अंगठ्यानं चोळली आणि लालला जोडली. मला वाटलं, यात काही खुबी असेल. एवढा मोठा मिस्त्री.

त्यांनी बॅटरी लावली. पहिल्यांदा वास आला, मग बॉनेटखालून धूर, आणि ती सगळी वेणी भराभर वितळत गेली. सुपडूनं पोतं टाकलं, आम्ही माती टाकली. बॅटरी सोडवताना नानांचा तळहात भाजला. सहा महिन्यांचा सगळा राग माझ्या तोंडाशी आला.

"आंधळे आहात का नाना? ती हिरवी होती! हिरवी लालला जोडलीत!"

आबांनी खाली वाकून एक तुकडा उचलला आणि नानांच्या समोर धरला. "मिस्त्री, हा रंग कोन्ता?"

नानांनी त्या तुकड्याकडे पाहिलं नाही. आबांकडे पाहिलं.

"मले नई समजत," ते म्हणाले.

आबा तुकडा टाकून निघून गेले. मला तिथे उभं राहवेना, आणि निघूनही जाववेना. धुळ्याच्या त्या डॉक्टरच्या तपासणीचं, कच्च्या बोरांचं, पंधरा दिवसांच्या गाठींचं, एकेक करून सगळं डोक्यात जुळत गेलं. आणि मला नानांचाच राग आला. आजही येतो. सहा महिने मी त्यांच्या समोर बसत होतो. एका शब्दानं सांगितलं असतं तर? मी रंग सांगितले असते, गुपित पोटात ठेवलं असतं. पण ठेवलं असतं का? त्या वेळचा मी, बोरांची गोष्ट घरी जाऊन हसत सांगणारा? नानांनी माणूस बरोबर ओळखला होता.

दोन मळ्यांतली केळी बैलगाड्यांनी गेली. निम्मी काळी पडली, वाघीण एकच भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. नानांनी जुन्या वायरिंगमधल्या आणि जळण्यातून वाचलेल्या वायरी समोर पसरल्या होत्या. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. कालचे बघे आजही आले होते, उलट जास्तच.

"भाऊ, इकडे ये," नाना मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आठे बस. मले लाल-हिरवा समजत नई. तू सांग, मी जोडस."

मी बसलो. मी सांगत गेलो, ही लाल, ही हिरवी, ही तपकिरी. ते जोडत गेले. बाराच्या आत काम संपलं. ज्या कामाला ते पंधरा दिवस बसले होते ते दोन माणसांनी एका सकाळी केलं. नानांनी बटण दाबलं आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. इतकं गुळगुळीत, इतकं एका लयीत चालत होतं की सुपडूसुद्धा करणी विसरून हसला. मी नानांकडे पाहिलं. ते हात पुसत होते.

ती गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. काळ्या चिखलातून दोन गाड्यांचा माल ओढायची आणि इंजिनाला कधी पाना लावावा लागला नाही. पण हे कुणी बोललं नाही. बाजारात बोललं गेलं ते दुसरंच. आंधळा मिस्त्री, रंग न कळणारा मिस्त्री. मामलेदारांची जीप दुसरीकडे जायला लागली. मग इतरांच्याही. मी दोन-तीनदा त्या रस्त्यानं गेलो पण शेडमध्ये शिरलो नाही. जाऊन बोलणार काय? वर्षभरात शेड बंद झाली. नाना धुळ्याकडे गेले, एवढंच कळलं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी सोसायटीच्या कामासाठी धुळ्याला गेलो होतो. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. पांझरेकडच्या रस्त्याला एका लुगडीवाल्यानं दोरीवर माल टांगला होता आणि त्याच्यापुढे बायकांची झुंबड होती. त्या गर्दीच्या कडेला नाना उभे होते. वाळले होते, टोपी मात्र स्वच्छ धुतलेली. हातात दोन लुगडी, एक लाल, एक हिरवं. एकदा हे पुढे धरायचे, एकदा ते.

मी थांबलो. त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. डोळे माझ्यावर थोडा वेळ राहिले. मी पुढे झालो, हात पुढे केला, तोंडात शब्दही आला होता.

नानांनी माझ्या बाजूनं चाललेल्या एका अनोळखी माणसाला थांबवलं. डोक्यावर गुळाची ढेप घेतलेला कुणी शेतकरी होता.

"भाऊ, जराखं देख," नाना त्याला म्हणाले. "यामा हिरवं कोनतं शे? अंडेरनी हिरवंच सांगेल शे."

त्यानं ढेप सावरत बोटानं दाखवलं. नानांनी लाल लुगडं दोरीवर परत टाकलं आणि माझ्याकडे पाठ करून ते दुकानदाराकडे वळले.